भिंतीचा भरवसा

विद्यापीठाची जुनी इमारत म्हटलं की डोळ्यांपुढे मुंबईचा राजाबाई टॉवर येतो, नाहीतर पुण्यातल्या गणेशखिंडीची मुख्य इमारत. घडीव दगड, कमानी, उंच मनोरा. नांदेड-लातूरकडच्या मुलांच्या वाट्याला असं काही आलेलं नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १७ सप्टेंबर १९९४ ला. त्याच्या पहिल्या इमारतीही आत्ता कुठे तिशीत आल्या आहेत. आपल्याकडची जुनी इमारत म्हणजे आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती, जुलै-ऑगस्टमध्ये ठिबकणारा स्लॅब आणि जिन्याखाली रचून ठेवलेली मोडकी बाकं. तिच्यासमोर उभं राहून कुणी सेल्फी काढत नाही.

अशी इमारत पाडायची की सावरून घ्यायची, हा प्रश्न येत्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या बऱ्याच कॉलेजांपुढे येणार आहे. सावरून घेतली तर तिचं विद्यार्थी केंद्र करता येईल, छतावर सोलर बसवता येईल, पावसाचं पाणी साठवता येईल. अशा प्रस्तावांत 'शाश्वत' हा शब्दही हटकून असतो. पण लातूर-नांदेडात हा विषय सोलरपासून सुरू होत नाही, भिंतीपासून सुरू होतो. जुन्या भिंतीवरचा भरवसा इथल्या लोकांनी एका पहाटे गमावला. त्या पहाटेचा इथल्या कॉलेजांच्या इमारतींशी काय संबंध आहे, हे आपण फारसं कधी तपासून पाहिलेलं नाही.

ती पहाट ३० सप्टेंबर १९९३ ची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून गावं उशिरा झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, आठ हजारांच्या आसपासपासून दहा हजारांपर्यंत. ५२ गावं जवळजवळ पूर्ण गेली.

भूकंप होता सहाच्या थोड्या वरच्या तीव्रतेचा. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून जास्त होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही होत नाही. मग इथेच इतकी माणसं का गेली? वेळ वाईट होती हे खरं. पण मुख्य कारण घराच्या रचनेत होतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मराठवाड्यातलं जुनं घर खणांत मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडाचं पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. भोवतीनं दगडमातीची भिंत, दोन-तीन फूट जाड, कुठे त्याहूनही. ही जाडी पाहून कुणालाही वाटेल, तोफेच्या गोळ्यालाही दाद देणार नाही. पण ती भिंत एक नसायचीच. बाहेरच्या बाजूनं दगडांचा एक थर, आतल्या बाजूनं दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे, चिपा, माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादरा बसल्यावर दोन थर एकमेकांपासून सुटले. बाहेरचा रस्त्यात पडला, आतला झोपलेल्या माणसांवर.

वर माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर नवी माती टाकायची पद्धत. जुनी माती काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे. वर्षानुवर्षं थर चढत जायचा आणि घराच्या डोक्यावर टनांनी ओझं साचायचं. भूकंपात जे वजन वर असतं तेच इमारतीला सगळ्यात जास्त हिसका देतं.

नंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या होत्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागेवर उभा होता. म्हणजे जुन्या घराचा एक भाग मारक ठरला होता आणि त्याच घराचा दुसरा भाग टिकला होता. हा तपशील महत्त्वाचा होता, पण लोकांपर्यंत पोचला नाही. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: दगड मारतो, सिमेंट वाचवतं. ज्याच्या घरातली चार माणसं दगडाखालून काढली त्याला आरपार दगडाचं महत्त्व कोण समजावून सांगणार?

तसा प्रयत्न मात्र झाला होता, आणि आजच्या प्रश्नासाठी तोच सगळ्यात कामाचा आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात पूर्ण गेलेली गावं नव्या जागी वसवली गेली. त्या नव्या गावांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत: सरळ रस्ते, एकसारखी घरं, सरकारी वसाहतीसारखा चेहरा. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा कुणाला आठवत नाही. तडे गेलेली पण उभी राहिलेली, अनेक जिल्ह्यांत पसरलेली जवळजवळ दोन लाख घरं त्याच जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बंध घालायचे. दारा-खिडक्यांच्या वरून घराला कमरपट्ट्यासारखी पट्टी फिरवायची. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके टेकू द्यायचे. स्वस्त, साधी, गावच्या गवंड्याला दोन दिवसांत शिकवता येतील अशी कामं. जुन्या बांधकामाला भूकंपासाठी तयार करण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्या देशात त्याआधी झाला नव्हता.

लोकांनी काय केलं? बहुतेकांनी मिळालेल्या पैशात जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. झोपायला नवी खोली, धान्य आणि जनावरांना जुनं घर. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण मला त्यांचा निर्णय समजतो. आत झोपण्यासाठी भिंत सुरक्षित असून भागत नाही, ती सुरक्षित वाटावीही लागते. नुकसान झालं ते वेगळ्या जागी. मजबुतीकरणाचं जे ज्ञान गावोगाव पोचलं होतं, ते वापराविना विरलं. 'जुनं म्हणजे धोक्याचं, नवं म्हणजे पक्कं' हे सूत्र मात्र घट्ट बसलं. गावच्या वाड्यापासून कॉलेजच्या इमारतीपर्यंत आज तेच सूत्र लावलं जातं.

मराठवाड्याचं नवं विद्यापीठ याच काळातलं. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर ते वर्ष किती भरलेलं होतं ते कळतं. सप्टेंबर १९९३ मध्ये भूकंप. नोव्हेंबरमध्ये नामांतराच्या मागणीसाठी नांदेडात गौतम वाघमारे यांचं आत्मदहन. १४ जानेवारी १९९४ ला औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार. आणि सप्टेंबर १९९४ मध्ये, भूकंपाला वर्ष पूर्ण व्हायच्या आत, त्याच विद्यापीठाचं विभाजन होऊन नांदेडचं विद्यापीठ. लातूर आणि तेव्हाचा अखंड परभणी जिल्हा त्याच्याकडे आले. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, म्हणजे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य, ज्यांचं नाव 'लातूर पॅटर्न'शी जोडलं जातं.

विद्यापीठ जवळ येणं ही इथे किती मोठी गोष्ट होती, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवी हवी असेल तर हैदराबादेत उस्मानियात जायचं आणि उर्दूतून शिकायचं, नाहीतर निजामाची हद्द ओलांडून पुणं, नागपूर गाठायचं. औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज होतं, तेवढंच. नांदेडला पीपल्स कॉलेज आलं १९५० मध्ये, लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. ज्यांच्या नावानं नांदेडचं विद्यापीठ आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या लढ्याचे नेते होण्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होते.

या इतिहासात विद्यार्थ्यांची स्वतःची जागा कुठली, असं शोधलं तर बहुतेक वेळा एकच सापडते: वसतिगृह. १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. निजाम सरकारनं बंदी घातली, मुलं हटली नाहीत, शेकडोंना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. ते आंदोलन उभं राहिलं वसतिगृहातल्या प्रार्थनेच्या जागेत. मुलं जिथे तासाव्यतिरिक्त, कुणाच्या परवानगीशिवाय एकत्र बसतात अशी जागा तेवढीच होती. नंतर १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन झालं, नामांतराची लढाई झाली. विद्यापीठाच्या नावासाठी या भागात माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची १९७८ मधली हत्या विसरता येत नाही. विद्यापीठ कुठे असावं, त्याचं नाव काय असावं, यासाठी मराठवाड्यानं फार मोल दिलं. आत गेल्यावर विद्यार्थ्यानं बसायचं कुठे, हा प्रश्न मागेच राहिला.

आता इमारतीकडे परत येऊ. 'सिमेंटची आहे म्हणजे पक्की' हा समज तपासायला भूकंपाचा नकाशा पुरेसा आहे. १९९३ मध्ये देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. नकाशा बदलला २००२ मध्ये. पहिला विभाग रद्दच झाला आणि लातूरचा हा पट्टा तिसऱ्या विभागात गेला. याचा साधा अर्थ असा, की लातूर परिसरात २००२ च्या आधी जी कॉलेजं नियमाप्रमाणे बांधली गेली, ती ज्या नियमाप्रमाणे बांधली तो नियमच इथला धोका कमी धरत होता. एखाद्या चांगल्या अभियंत्यानं किल्लारीनंतर स्वतःहून जास्त लोखंड घातलं असेलही. पण कागदावर तशी सक्ती नव्हती. म्हणून अशा इमारतीला विद्यार्थी केंद्र करायचं ठरलं तर पहिला खर्च रंगावर नाही, कॉलमवर व्हायला हवा.

ही तपासणी म्हणजे काही गूढ विद्या नाही. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या गुणामुळे आतल्या सळया गंजत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक थोडा थोडा आत शिरतो आणि तो गुण घालवत जातो. सळयांपर्यंत पोचला की गंज सुरू. गंजलेली सळई फुगते, वरचा गिलावा फोडते, आणि मग स्लॅबच्या पोटातून ते तांबूस लोखंड बाहेर डोकावतं. आपल्यातल्या प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या वर्गात बसून ते पाहिलेलं आहे. हे किती आत गेलंय ते पाहायचं तर कॉलमला लहानसं भोक पाडायचं आणि आत फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं. हो, शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच. काँक्रीट निरोगी असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो. जिथे रंग येत नाही तिथे संरक्षण संपलेलं. सोबत हातोडीसारखं एक यंत्र मारून पृष्ठभागाचा टणकपणा मोजतात. कॉलम कमजोर निघाला तर भोवती नवी सळई बांधून काँक्रीटचं जाकीट चढवतात. खर्च येतो, पण बहुतेक वेळा नव्या इमारतीपेक्षा बराच कमी.

तपासताना एकदा गच्चीवरही जायला हवं, कारण तिथे माळवदाची गोष्ट नव्यानं घडत असते. स्लॅब गळायला लागला की कंत्राटदार वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून देतो. पाच-सात वर्षांनी पुन्हा गळतो. मग जुना कोबा न काढता त्याच्यावर दुसरा. काढायला मजुरी लागते, राडारोडा टाकायला जागा लागते, आणि टेंडरमध्ये ते धरलेलं नसतं. पांढरी माती गेली, कोबा आला. इमारतीच्या डोक्यावरचं ओझं वाढवायची आपली सवय होती तशी आहे.

पाडून नवं बांधलं तर हे सगळे प्रश्न सुटतात, असं कुणी म्हणेल. अहमदाबादच्या आयआयएमनं तेच म्हटलं होतं. लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली तिथली विटांची वसतिगृहं जगभर अभ्यासली जातात. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेनं १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं जाहीर केलं. २००१ च्या भूकंपात त्यांना तडे गेले होते, हे एक कारण दिलं होतं. जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला निर्णय मागे घेतला गेला. त्याच आवारातल्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार तोवर इतका चांगला झाला होता, की २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याचा गौरव केला. तरी २०२२ मध्ये संस्था पुन्हा नव्या बांधकामाकडे वळली. इतकं नाव, इतका पैसा, इतके तज्ज्ञ असतानाही भरवशाचा प्रश्न तिथे सुटलेला नाही. लातूरच्या एखाद्या निनावी आरसीसी इमारतीसाठी तर कुणी सह्यांची मोहीमसुद्धा काढणार नाही.

तरीही तिला वाचवण्यामागचं गणित साधं आहे. सिमेंट आणि लोखंड तयार होताना जो धूर व्हायचा तो तीस वर्षांपूर्वीच झाला. इमारत पाडली की तो वाया जातो आणि नव्यासाठी पुन्हा तेवढाच करावा लागतो. वाढीव भिंती लागल्याच तर परळीच्या वीज केंद्राची राख जवळच आहे, तिच्या विटा होतात. त्या परळीचीही एक गोष्ट: २०१५ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं. आपल्याकडे वीज आणि पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत.

पाण्याचं सांगायचं तर लातूरकर एप्रिल २०१६ विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी, आणि मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. आता हिशेब करा. कॉलेजच्या इमारतीचं छत समजा हजार चौरस मीटर. पाऊस सरासरीपेक्षा कमीच, ७०० मिलिमीटर धरू. एका छतावर वर्षाला सात लाख लिटर पडतं. वाया जाणारं वजा करून साडेपाच लाख तरी हाती लागतं, म्हणजे पहिल्या गाडीपेक्षा जास्त. सगळं टाकीत मावणार नाही, बरंचसं बोअरच्या पुनर्भरणाला जाईल. पण त्यासाठी छत स्वच्छ, उताराचं आणि न गळणारं हवं. म्हणजे पुन्हा तो कोबा आधी उतरवणं आलं.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वर्गात दुपारी दोनला बसून पाहा. जाड भिंतीचं, माळवदाचं घर दुपारभर गार राहायचं, आणि ही गोष्ट भूकंपानंतर नव्या घरात गेलेल्या म्हाताऱ्यांनी सगळ्यात आधी बोलून दाखवली. ती जाडी परत आणता येत नाही, आणूही नये. पण गच्चीला पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीबाहेर जाळी आणि झाडं, समोरासमोर खिडक्या, एवढ्यानं खोली बसण्याजोगी होते. एसी बसवून वर सोलर लावणं हा दुसरा मार्ग आहे. फोटो त्याचाच चांगला येतो, हे मान्य.

राहिला प्रश्न, सावरलेली इमारत कुणाला मिळते. गणेशखिंडीची इमारत १८६० च्या दशकात गव्हर्नरासाठी बांधायला घेतली आणि तिच्या खर्चावरून तेव्हाही टीका झाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि ती विद्यापीठाकडे आली. तिथे वर्षानुवर्षं बसले ते कुलगुरू आणि प्रशासन. मुंबईत उलट झालं. राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालय २०१३ ते २०१५ मध्ये दुरुस्त झालं आणि त्याच वाचनदालनात मुलं पुन्हा अभ्यासाला बसली. आपल्याकडे पहिल्या प्रकारची शक्यता जास्त. नूतनीकरण झालं की आधी सभागृह, मग अतिथिकक्ष, मग एखादा कक्ष-प्रमुख. विद्यार्थी केंद्राची पाटी राहते आणि आत फायलींची कपाटं येतात.

दरम्यान लातूर-नांदेडात मुलांनी आपली सोय बाजारात शोधली आहे. गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या. महिन्याचे पैसे भरायचे, एक खुर्ची आपली. वायफाय, एसी, चार्जिंगचा पॉइंट. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे रात्री अकरापर्यंत बसतात. ज्याला परवडतं तो बसतो. कॉलेजची इमारत संध्याकाळी पाचला कुलूपबंद होते, आणि तिच्यापासून पाच मिनिटांवर त्याच कॉलेजची मुलं खुर्चीचं भाडं भरत असतात.

गावाकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलींना हाही पर्याय नाही. तास दुपारी संपतात, गावची एसटी संध्याकाळची. मधले तीन-चार तास त्या कुठे काढतात ते कुठल्याही कॉलेजात विचारून पाहा: जिन्यावर, झाडाखाली, गर्ल्स कॉमन रूममध्ये जागा असली तर तिथे, नाहीतर सरळ स्टँडवर. जुन्या इमारतीचा तळमजला, तपासलेले कॉलम, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, प्यायचं पाणी आणि पाचनंतरही उघडं राहणारं दार. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात यातली शेवटची बाब कधीच नसते, कारण तिला वॉचमनच्या पगाराशिवाय काही लागत नाही.